फाट्यावर येणारी पार्सलं : खरेदीचा हात आवरतानाचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं हे प्रकरण आहे. मी त्या भागातल्या बचत गटांसोबत काम करते. गावाचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि जिच्याबद्दल लिहिते आहे तिला सासरी सगळे म्हणतात तसं ‘धाकटी’ म्हणते. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. दोन गोष्टी तिनं काढायला लावल्या, त्या काढल्या. एक गोष्ट मी तिच्या भिडेपोटी गाळली होती, ती तिनंच घालायला लावली.

पार्श्वभूमी

धाकटीचं वय चौतीस, शिक्षण दहावी. घरात नवरा, सासू, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. थोरली जाऊ शेजारच्याच घरात वेगळी राहते. दोघी एकाच गटात आहेत. चार एकर वावर, पाण्याची सोय नाही. दोन एकरांत कापूस आणि तूर, दोनात सोयाबीन. पेरणी-डवरणी आटोपली की नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. धाकटी निंदणाला आणि पुढे कापूस वेचायला जाते. वेचणीला किलोमागे १० रुपये मिळतात. कापूस चांगला फुटलेला असला तर ती दिवसाला ४०-४५ किलो वेचते.

अशा घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं की येतो, मग कापसाच्या वेच्यांबरोबर थोडा थोडा, तुरीचा त्यामागून. होळीनंतर जवळजवळ काही नाही, आणि मृगाच्या आधी बी-बियाण्याला एकदम लागतो. त्यामुळे हाती आहे तोवर घेऊन ठेवायचं ही इथली जुनी रीत, आणि ती शहाणपणाची रीत आहे. धाकटीची सासू मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “कापूस इकला का वर्षाची दाळ, तिखट, लुगडे, सारं भरून टाकत होतो आमी. पैसा ठेवला तं कोनी ठेवू देते काय?” तेव्हा मी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. त्या वाक्याशी मला दोन महिन्यांनी परत यावं लागलं.

आठवडी बाजार मंगळवारी, गावापासून सहा किलोमीटरवर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलीच्या शाळेसाठी घरात स्मार्टफोन आला. शाळा उघडली, फोन राहिला. मग जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले; पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० ऑगस्टमध्ये राखीच्या तोंडावर एकदम खात्यात आले. कुणाला न विचारता खर्चता येईल असा हा धाकटीच्या आयुष्यातला पहिला पैसा. त्यातून तिनं पहिली ऑर्डर दिली ती मुलीच्या दप्तराची, ३९९ रुपयांची. ते दप्तर मुलगी आजही शाळेत नेते. पुढे काय झालं ते सांगताना हे दप्तर लक्षात ठेवायला हवं, कारण सुरुवात हौसेनंही झाली नव्हती आणि मूर्खपणानंही नाही.

अडचण कशी उघड झाली

पार्सल गावात येत नाही. डांबरी रस्त्यावर गावाचा फाटा आहे, तिथल्या पानटपरीपाशी पार्सलवाला पोरगा मोटरसायकल लावतो आणि फोन करतो. बाया पदराच्या गाठीत पैसे बांधून एक किलोमीटर चालत जातात. सुरुवातीला धाकटीचं महिन्याला एखादं पार्सल असायचं. मग दोन-तीन, मग आठवड्यालाच दोन.

मे २०२५ पर्यंत तिचे गटाचे तीन हप्ते थकले होते. मार्चमध्ये तिनं गटातून ८,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं, मुलीच्या दवाखान्यासाठी म्हणून. दवाखान्याला ३,००० लागले. उरलेल्यातून तिनं शेजारणीकडून पार्सल सोडवायला वेळोवेळी घेतलेले हातउसने फेडले. हेच मी गाळलं होतं, आणि तिनं मला लिहायला लावलं ते हेच. “मी गटात खोटं बोलली, ते लिवा. नाही तं बाकीचं कायले लिवता?”

जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्याला पैसे कमी पडले. त्याच दिवशी सासूनं जुनं कापड शोधायला बाजेखालची लोखंडी पेटी ओढली. आत सतरा वस्तू होत्या, सगळ्या पिशवीतच: भाजी कापायचं यंत्र, तीन चादरी, इडलीचे साचे, कानातल्यांचे डबे, न नेसलेल्या साड्या, दिव्यांची माळ. प्रत्येकीवर अजून चिकटपट्टी आणि पत्त्याची चिठ्ठी तशीच. रिकाम्या झालेल्या पिशव्याही तिनं फेकल्या नव्हत्या. हातानं सरळ करून, चौकोनी घडी घालून, पेटीच्या तळाशी एकावर एक लावल्या होत्या, जशी घरात लुगड्यांची घडी घालतात तशी.

घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. तिसऱ्या दिवशी थोरल्या जावेचा मला फोन आला.

माझं पहिलं पाऊल

ते चुकलं. आर्थिक साक्षरतेच्या प्रशिक्षणात आम्हाला एक खेळ शिकवतात: कागदावर दोन रकाने काढायचे, एकात गरज, दुसऱ्यात हौस, आणि घरातला प्रत्येक खर्च कुठे बसतो ते बायांनी सांगायचं. मी तो खेळ गटाच्या बैठकीत घेतला. धाकटीचं नाव घेतलं नाही, पण दहाही जणींना ठाऊक होतं. हौसेचा रकाना भरत गेला, कुणी तरी ‘चादरी’ म्हणालं, दोघी हसल्या. धाकटी खाली मान घालून सतरंजीचा दोरा काढत बसली. बैठक चांगली झाली असं मी माझ्या डायरीत लिहिलं.

त्या रात्री अकरा वाजता तिनं चार वस्तू मागवल्या. त्यांचा माझ्या खेळाशी संबंध होता, हे मला ऑक्टोबरात कळलं.

दुसरी भेट : ‘काहून’ नव्हे, ‘केव्हा’

जुलैत मी पुन्हा गेले, या वेळी एकटी, आणि थेट वावरात. निंदण चालू होतं. दुपारच्या भाकरीला आम्ही दोघी धुऱ्यावर पळसाखाली बसलो. मी तिला कशाला घेतलंस असं विचारलं नाही. ते तिला नवऱ्यानं, सासूनं, जावेनं विचारून झालं होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. मी म्हटलं, केव्हा केव्हा घेतलंस ते आपण दोघी बघू.

फोनमध्ये मागवलेल्या वस्तूंची यादी असतेच, आणि ऑर्डर झाल्याचा संदेश येतो त्यावर वेळ असते. दोन दुपारी बसून आम्ही सगळं वहीत उतरवलं. ऑगस्ट २०२४ ते जून २०२५, अकरा महिने: ठेवून घेतलेली ६३ पार्सलं, एकूण २१,३६० रुपये. २४ कपड्यांची, १९ स्वयंपाकघराची, ११ कानातली-टिकल्या-क्रीम यांची, ९ मुलांची. एकही वस्तू हजाराच्या वर नाही. आकडा ऐकून ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बापा... इतक्यात तं तीन बकऱ्या आल्या असत्या.”

पण मला आकड्यापेक्षा वेळा महत्त्वाच्या वाटल्या. निम्म्याहून जास्त ऑर्डरी रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या होत्या. भांडी घासून, सासूचे पाय दाबून, सगळे निजल्यावर. त्यातही थवे होते: योजनेचे पैसे जमा झाल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, वेचणीचा हिशेब झाला त्या रात्री, आणि घरात काही वाजलं असेल तर त्या रात्री हमखास. तिनं तारखा बघून सांगितलं: ही रात्र नवरा पिऊन आला तेव्हाची, ही माहेरी भावाच्या लग्नाला जाऊ दिलं नाही तेव्हाची.

मग ती म्हणाली, “पार्सल येनार हाय म्हनलं की दिवस बरा जाते. फोडलं की मंग काहीच नाही वाटत. म्हनून फोडतच नोहती मी.” मेंदूचा अभ्यास करणारे हेच सांगतात. वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांना खूण दाखवून मग फळाचा रस देण्याचे प्रयोग केले. त्यांत दिसलं की, खूण ओळखीची झाली की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी रस तोंडात पडताना नव्हे, रस मिळणार याची खूण दिसताच चेततात. ओढ वाट पाहण्यात असते. धाकटीच्या पेटीतल्या न फोडलेल्या पिशव्या म्हणजे जपून ठेवलेली वाट होती.

मी विचारलं, एवढी वाटच पाहायची तर गटात ऐच्छिक बचत का टाकली नाहीस? तिचं उत्तर मी शब्दशः लिहून ठेवलं आहे: “ताई, नगद पैसा घरात टिकतच नाही. कोनी ना कोनी मांगतेच. डब्बा कोनी मांगत नाही.”

सासूचं पहिल्या भेटीतलं वाक्य मला तिथे आठवलं. सासू कापसाच्या पैशाची डाळ भरून ठेवायची, सून योजनेच्या पैशाच्या चादरी. दोघी एकच करत होत्या: हातचा पैसा कुणी मागायच्या आत त्याला वस्तूचं रूप देत होत्या. फरक इतकाच की सासूचा बाजार वर्षातून एकदा आणि आठवड्यातून एकदा भरायचा, आणि सुनेचा उशाशी, रोज रात्री.

कोणते मार्ग समोर होते

ॲप काढून टाकावं, हा पहिला. नवऱ्याचं तेच म्हणणं. पण फोन मुलीच्या अभ्यासालाही लागतो, आणि काढलेलं ॲप दोन मिनिटांत परत येतं. शिवाय ते दुसऱ्यानं काढलेलं असलं तर चोरून परत आणावंसं वाटतं.

दुसरा मार्ग सासूनं सुचवला: खातं आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या हाती द्यावं. याला मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि आजही म्हणेन. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर आलेला पैसा शिक्षा म्हणून काढून घेतला, तर ती पुन्हा कधी स्वतःहून हिशेब दाखवणार नाही. रात्रीच्या ज्या भांडणांतून कितीतरी ऑर्डरी निघाल्या ती भांडणंही वाढतील.

गटाच्या अध्यक्षांना दंड लावायचा होता. कर्जाचं कारण खोटं सांगितलं हे खरं, नियमात दंड बसत होता. यावर बैठकीत तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की दंड नाही, पण धाकटीनं खरं कारण सर्वांसमोर सांगायचं आणि कर्ज सात महिन्यांत फेडायचं. तिनं सांगितलं. त्यानंतर दोन बायांनी आपल्याही घरी न फोडलेली पार्सलं आहेत हे कबूल केलं, त्यातली एक चादरींवर हसलेलीच होती.

चौथा मार्ग धाकटीच्याच तोंडून आला. बाजारात ती इतकं घेत नव्हती. का? कारण बाजार मंगळवारीच असतो, जाताना पैसे मोजून नेतो, परत येताना ओझं स्वतःला उचलावं लागतं. मग फोनलाही मंगळवारच लावला तर?

काय केलं

मुलीची जुनी वही घेतली. मनात भरलेली वस्तू मागवायची नाही, वहीत लिहायची: काय, किती रुपयांची, कोणत्या दिवशी, रात्री की दिवसा. तीन बाजार उलटेपर्यंत ती वहीतच राहील. तिसऱ्या मंगळवारीही हवी वाटली तर मागवायची, कुणी काही बोलणार नाही. ही शेवटची अट मी नवऱ्याकडून आणि सासूकडून वदवून घेतली. ती नसती तर वही म्हणजे घरच्यांच्या हाती दिलेली छडी झाली असती.

फोनवरच्या सूचना मुलीनं बंद करून दिल्या. रात्री नऊनंतर फोन सासूच्या खोलीत, चार्जिंगला. पार्सल फाट्यावर नाकारायचं कसं, हाही प्रश्न होता. पार्सलवाला पोरगा शेजारच्या गावचा, “काकू, इतक्या लांबून आलो ना मी” म्हणायचा आणि धाकटीला नाही म्हणवत नसे. त्यावर उपाय असा की मोहात दिल्या गेलेल्या ऑर्डरी त्याच रात्री मुलीनं फोनवरूनच रद्द करायच्या, पोरगा निघायच्या आत.

मुलीनं आणखी एक गोष्ट स्वतःहून केली. एका कुर्तीखाली ‘ऑफर संपायला २ तास १५ मिनिटं’ असं उलटं चालणारं घड्याळ दिसत होतं. तिनं सोमवारी रात्रीची वेळ वहीत लिहिली. मंगळवारी रात्री त्याच वेळी पाहिलं, तर पुन्हा सव्वादोन तास. बुधवारी तेच. या खोट्या घाईला आपल्याकडे मनाई आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला भुलवणारे १३ प्रकार दिले आहेत, त्यांत खोटी घाई आहे, आणि न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू सरकवणंही आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मी हे गटात सांगितलं, पण माझ्या सांगण्यापेक्षा त्या वहीतल्या तीन ओळींचा परिणाम जास्त झाला. बाया वही हातोहात फिरवून पाहत होत्या. “म्हंजे हे रोजच संपते?” असं थोरली जाऊ म्हणाली, आणि धाकटी बऱ्याच दिवसांनी हसली.

पैशाचं असं ठरलं: १,५०० मधले १,००० कर्जाच्या हप्त्याला, ५०० तिचे, त्यांचा हिशेब कुणी मागायचा नाही. पेटीतल्या सतरा वस्तूंपैकी अकरा तिनं पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आधी गावात विकल्या, २,६५० रुपये आले.

दिवाळी

ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या पावसानं त्यांच्या वावरात पाणी साचलं आणि सोयाबीन जवळजवळ गेलं. दिवाळीला हाती येणारा पैसा आलाच नाही. मला वाटलं, पैसाच नाही तर खरेदीही होणार नाही. झालं उलटं. नऊ दिवसांत सात पार्सलं आली, हातउसने घेऊन. वही कोपऱ्यात पडली होती.

इथे पुन्हा ठरवायची वेळ आली. अध्यक्ष म्हणाल्या, आता तरी दंड. मी धाकटीला भेटले तेव्हा तिनं आधी मला जूनमधल्या त्या रात्रीच्या चार ऑर्डरींचं सांगितलं, माझ्या दोन रकान्यांच्या खेळानंतरच्या. म्हणाली, “सारे हासले ना ताई, तं मले वाटलं, आता घेतलं काय अन् नाही घेतलं काय.” मी तिची माफी मागितली. दंड लावला नाही. सातपैकी चार पार्सलं परत करण्याच्या मुदतीत होती, ती मुलीनं आणि तिनं मिळून परत केली. वही पुन्हा सुरू झाली, फक्त तीन बाजारांऐवजी दोन. तीन फार लांब वाटतात असं ती म्हणाली आणि ते मान्य करण्यासारखं होतं.

आज काय स्थिती आहे

जुलै ते जानेवारी या सात महिन्यांत परत केलेली सोडून १९ पार्सलं, ६,८४० रुपये. आधी महिन्याला पाच-सहा होती, ती दोन-तीनवर आली. वहीत लिहिलेल्या ५२ वस्तूंपैकी ३६ तिनं स्वतःच खोडल्या. कर्ज जानेवारीत फिटलं, शेवटचे दोन हप्ते वेचणीच्या पैशातून. वस्तू विकून आलेल्या २,६५० मध्ये वेचणीची मजुरी घालून तिनं ६,५०० ची गाभण बकरी घेतली आणि गटाच्या ठराव-वहीत ती आपल्या नावावर नोंदवून घेतली. नगद नाही, म्हणून कुणी मागत नाही. आणि वस्तू असली तरी पेटीत पडून राहत नाही.

मात्र या आकड्यांत एक भोक आहे. मी फक्त फोनवरची खरेदी मोजत होते. डिसेंबरात थोरली जाऊ सहज बोलून गेली की धाकटी आता मंगळवारी कापडवाल्याच्या पालापाशी अर्धा अर्धा तास उभी असते. विचारलं तेव्हा कळलं, बाजारातली खरेदी वाढली होती. किती, ते आधीचा हिशेब नसल्यानं सांगता येत नाही. ओढ गेलेली नाही, तिनं थोडी वाट बदलली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

गरज-हौस हा खेळ मी आता भर बैठकीत घेत नाही. घ्यायचा तर प्रत्येकीनं आपापल्या घरी, आपल्यापुरता. इडलीचा साचा गरज की हौस हे मी ठरवणं बरोबर नव्हतंच. ज्या बाईनं चौतीस वर्षांत स्वतःसाठी काही निवडलेलं नाही तिला हौसेचा रकाना दाखवणं क्रूर होतं. वेळांची नोंद पहिल्या दिवशी करायला हवी होती, आणि बाजारातल्या खर्चाचीही. सोयाबीन बुडाल्यावर मी पिकाच्या पंचनाम्याचं विचारलं, तिच्या रात्रींचं विचारलं नाही.

नवऱ्याशी तर मी फारच उशिरा बोलले. जानेवारीत बकरीची नोंद करताना तो तिथेच होता. बोलता बोलता निघालं की अकरा महिन्यांच्या त्याच काळात त्यानं २,२०० चा स्पीकर, ट्रॅक्टरसाठी दिव्यांच्या पट्ट्या आणि दोन वेळा बूट मागवले होते. घरात त्याचा हिशेब कुणी केला नव्हता, मीही नाही. पेटी एकटीची उघडली, रकाने एकटीचे भरले. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिनं वही आणली, मधलं पान उघडलं, उभी रेघ मारली आणि पलीकडे ‘बाबा’ लिहिलं. त्यानं थोडा वेळ पाहिलं आणि सांगायला लागला: पाण्याचा पंप, बाराशे, काल रात्री.